लिहिणारा हात
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



आजच्या विषयपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘हस्ताक्षर सुधार’ असा विषय छापलेला आहे. तो मी टाळणार नाही. परंतु अक्षरापाशी जाण्यापूर्वी, ज्या हातातून ते अक्षर उतरते त्या हातापाशी थोडा वेळ थांबण्याची अनुज्ञा मला आपण द्यावी. अक्षराविषयी आपण वर्षानुवर्षे बोलत आलो आहोत. हाताविषयी मात्र, माझ्या स्मरणाप्रमाणे, आपल्या एकाही परिषदेत कोणी बोललेले नाही. आपण शिक्षक हातावर पोट असलेली माणसे नव्हे अशी आपली एक समजूत आहे. ती कितपत खरी आहे, हे आपले आपणच ठरवावे.

शाळा-भेटीला गेले म्हणजे मुख्याध्यापकांच्या कपाटातील सर्वांत जुने जनरल रजिस्टर काढून पाहण्याची मला सवय आहे. आपल्या जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा होते. त्या नावाचे शिक्के असलेली रजिस्टरे किनाऱ्यावरच्या जुन्या शाळांत अजून सापडतात. त्यांतील अक्षर पाहून आपण हळहळतो आणि म्हणतो, ‘पूर्वीच्या गुरुजींचे वळणच निराळे!’ वळण निराळे होते यात शंका नाही. पण त्या गुरुजींच्या हातात टाक होता, हे आपण विसरतो. टाक दोनचार शब्दांनंतर कोरडा पडे. मग हात कागदावरून उचलून दौतीपर्यंत न्यावा लागे, निब टेकवून जादा शाई निथळावी लागे आणि पुन्हा ओळीवर यावे लागे. त्या एवढ्याशा प्रवासात पकड सैल होई, मनगट मोकळे होई, खांदाही हलून घेई. शिवाय निबेला जोर लावून चालत नसे. जोर लावला की निब फाके आणि शाईचा डाग पडे. म्हणजे दौत आणि निब ही दोन निर्जीव साधने त्या गुरुजींना दिवसभर ‘थांब’ आणि ‘दाबू नकोस’ असे सांगत असत. बॉलपेन आले आणि हे दोन्ही सांगणारे निघून गेले. बॉलपेन कधी थांबवीत नाही आणि दाबल्यावाचून नीट उमटत नाही. मी टाकाकडे परत जा असे सांगावयास आलेली नाही. पण त्या दोन्ही सूचना आता आपल्या आपल्यालाच द्याव्या लागणार आहेत.

हा विचार मला आपोआप सुचलेला नाही. त्यामागे एक जुनी चूक आहे, आणि ती माझी आहे.

सुमारे तीस वर्षांपूर्वी मी समुद्रकाठच्या एका लहान गावी चौथीचा वर्ग शिकवीत होते. वर्गात कोळीवाड्यातील एक मुलगी होती. जून-जुलैत तिचे अक्षर वर्गात पहिले. शिरोरेषा ओळंब्याने काढावी तशी, काना सरळ, वेलांटीचा डोळा उघडा. नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या, आणि तिचे अक्षर बिघडू लागले. भाद्रपदात ते तिरपे झाले, आश्विनात एवढे घट्ट दाबलेले की मागच्या पानावर हात फिरविला तर उठाव लागावा. तिची पेन्सिल धरण्याची रीतही पालटली. अंगठा आणि तर्जनी यांत धरावयाची पेन्सिल ती तर्जनी आणि मधले बोट यांच्या बेचक्यात अडकवू लागली. मी नवी, उत्साही आणि नुकतीच प्रशिक्षण घेऊन बाहेर पडलेली. मी तिचा अंगठा धरून पेन्सिलीवर जागच्या जागी बसवीत असे, आणि अक्षर सुधारले नाही म्हणून तिला रोज एक पान जास्त लिहावयास लावीत असे. ती एकदाही नाही म्हणाली नाही. फक्त हळू लिही, म्हणून शाळा सुटल्यावर मागे राही.

एके दिवशी सकाळी लवकर बंदरावर जावयाचा प्रसंग आला. तेथे बर्फातून काढलेल्या कोळंबीच्या राशीभोवती बायका उकिडव्या बसून कोळंबी सोलीत होत्या, आणि आईशेजारी ती होती. एका हाताने डोके मोडावयाचे, अंगठ्याच्या नखाने पाठीवरचे कवच उलगडावयाचे, शेपूट चिमटीत धरून ओढावयाचे. आणि लगेच दुसरी. मी काय केले असेल? मी तिच्या आईला म्हटले, ‘बाई, मुलीला शाळेत वेळेवर पाठवीत जा.’ एवढेच. त्या राशीचा आणि त्या वहीचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे माझ्या ध्यानातही आले नाही.

ते ध्यानात यावयास पुढे वीस वर्षे जावी लागली. तोपर्यंत मी विस्तार अधिकारी झाले होते, आणि शाळाशाळांची माहिती तपासून संगणकावर व मोबाइलवर भरण्यात माझे दिवसाचे कित्येक तास जात होते. एका पावसाळ्यात उजव्या अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या कडेला, ठणका सुरू झाला. प्रथम विळीवर नारळ खवताना, मग पिशवी उचलताना, आणि शेवटी सही करताना. एका सकाळी सही करावयास पेन उचलले ते मी नकळत तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात धरले होते. ते पाहिले मात्र, आणि त्या मुलीची वही माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. अंगठा दुखत होता म्हणून तिने त्याला वाट काढून दिली होती. मी तो रोज धरून पुन्हा त्याच दुखण्यावर बसवीत होते, आणि वर एक पान जास्त लिहावयास देत होते.

अंगठ्याच्या ह्या विकाराचे वर्णन द करव्हाँ नावाच्या स्विस शस्त्रवैद्याने १८९५ साली केले. आजही त्याच्याच नावाने तो ओळखला जातो. म्हणजे ही विद्या नवी नव्हती. फक्त ती आमच्या प्रशिक्षणात नव्हती.

आता आपण सर्वांनी एक लहानसा प्रयोग करावा अशी विनंती आहे. डाव्या हाताची बोटे उजव्या कोपराच्या थोडी खाली, आतल्या बाजूवर टेकवा, आणि उजव्या हाताची बोटे पेटी वाजविल्याप्रमाणे हलवा. काय लागते हाताला? हालचाल बोटांची, पण मांस हलते ते कोपराखालचे. बोटे मिटविणारे बळ मुख्यतः बोटांत नसून पुढल्या हातात आहे. तेथून दोरीसारख्या चिवट कंडरा निघतात आणि मनगटातून बोटांपर्यंत जातात. मनगटाच्या आतल्या बाजूस आठ लहान हाडांची एक पन्हळ आहे आणि तिच्यावर एक घट्ट पट्टा ताणलेला आहे. त्या अरुंद बोगद्यातून नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू एवढा परिवार जातो. हाच मज्जातंतू अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांना स्पर्शाची जाणीव देतो.

दुसरा प्रयोग. मनगट सरळ ठेवून मूठ घट्ट आवळा. शेजाऱ्याला ती सोडविण्यास सांगा. आता मनगट आतल्या बाजूस पूर्ण वाकवा आणि पुन्हा तितकीच घट्ट मूठ आवळून पाहा. आवळता येते का? येत नाही. बळ तेच, पण वाकलेल्या मनगटात ते बोटांपर्यंत पुरे पोचत नाही. आपल्या वाड्यांतील विहिरीवर रहाटाच्या चाकावरून सरळ चालणारा दोर वर्षे टिकतो. तोच विहिरीच्या काठावर घासत ओढला तर थोड्याच दिवसांत त्याचे तंतू निघू लागतात. मनगट वाकवून तासन्‌तास काम करणारा माणूस आपले नऊ दोर काठावर घासून ओढीत असतो.

तिसरी गोष्ट प्रयोगावाचूनही आपण सर्वांनी अनुभवलेली आहे. घागर घेऊन चालणे सोसते. तीच घागर एका जागी हात लांब करून धरून उभे राहणे सोसत नाही. हलणारा स्नायू आळीपाळीने आवळतो व सुटतो, आणि सुटला की त्यात नवे रक्त खेळते. आवळून धरलेला स्नायू आपल्याच रक्तवाहिन्या दाबून बसतो. म्हणून पुष्कळ वेळा हाताला थकविते ते काम नव्हे, धरून ठेवणे थकविते. खडू धरून ठेवणे, पेन घट्ट धरून ठेवणे, फोन धरून ठेवणे, खांदा उचलून धरणे.

हात लिहून लिहून निकामी होऊ शकतो, हे जगाला बरेच जुने ठाऊक आहे. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी याने १७०० साली निरनिराळ्या धंद्यांत होणाऱ्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला, आणि पुढे त्याला जोडलेल्या भागात लेखनिकांचाही विचार केला. त्याने तीन कारणे दिली आहेत: सतत बसून राहणे, हाताची एकाच प्रकारची अखंड हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर येणारा ताण. शिक्षकाच्या कामाचे याहून नेमके वर्णन मला सापडलेले नाही. त्याने एका लेखनिकाची हकीकत दिली आहे. जन्मभर लिहून त्याचा उजवा हात गेला. तेव्हा तो डाव्या हाताने लिहावयास शिकला, आणि थोड्याच काळात डाव्या हातालाही तेच दुखणे जडले. त्याच्यापाशी पीस आणि दौत होतीच, तेव्हा दौतीने सर्व भागते असे मी म्हणत नाही. पण त्या हकीकतीत मला महत्त्वाचे वाटते ते हे, की दोष हातात नव्हता, कामाच्या रीतीत होता; रीत तीच राहिली, म्हणून दुसरा हातही गेला. पुढे १९०८ साली इंग्लंडात तारायंत्र चालविणाऱ्यांच्या हातास येणारा पेटका हा नुकसानभरपाईस पात्र असा धंद्याचा रोग म्हणून मान्य झाला.

आपल्याकडे लिहिणाऱ्यांची केवढी मोठी परंपरा! मोडी लिपीत दप्तरांचे रुमालच्या रुमाल भरणारे कारकून जमिनीवर बैठक मारून, पुढे उतरते मेज घेऊन, बोरूने लिहीत. मोडीत हात फार वेळा उचलावा लागत नाही. अक्षराला अक्षर लागून ओळ धावते. मेज उतरते असल्याने कागद डोळ्यांकडे येई, मान कमी वाके आणि कोपराला टेकू मिळे. ते मेज आता जुन्या वाड्यांच्या माळ्यावर पडले आहे, आणि आपली मुले वही सपाट फरशीवर ठेवून, कमरेत दुमडून, डाव्या हातावर सगळा भार टाकून लिहीत आहेत.

आता फळ्याकडे वळू. बहुतेक शाळांत फळा मापाने बसविलेला नसतो. गवंड्याला जेथे सोयीचे वाटले तेथे तो बसलेला असतो. उंचीने लहान असलेल्या कित्येक शिक्षिका टाचा उचलून, हात डोक्याच्या वर नेऊन सुविचार व दिनांक लिहिताना मी पाहते. हात खांद्याच्या वर गेला की लिहिण्याचे श्रम राहतात बाजूला, तो हात वर धरून ठेवण्याचेच श्रम होतात. लिहिण्याची जागा कोपरापासून डोळ्यांपर्यंत, एवढ्यात असावी. त्याच्या वरची जागा दिवसातून एकदाच लिहावयाच्या मजकुरासाठी ठेवावी, आणि तो लिहिताना पायाखाली एक भक्कम, न डुगडुगणारा पाट घ्यावा. खालची जागा मुलांना द्यावी. फळ्याचे उभे तीन भाग करून एक भाग संपला की पावले उचलून दुसऱ्यापुढे उभे राहावे. आपण पुष्कळदा पाय एका जागी रोवतो आणि हात मात्र फळ्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत लांबवितो. पायांनी करावयाचे काम हातावर टाकतो.

किनाऱ्यावरच्या शाळांची एक अडचण घाटावरच्या शाळांना नाही. आपल्या हवेत आषाढ-श्रावणात खडू ओलसर होतो, फळ्याला घाम फुटतो आणि अक्षर उमटत नाही. मग आपण खडू दाबतो. खडूचे डबे झाकण घट्ट असलेल्या बरणीत ठेवावे, त्या दिवसाचे खडू तेवढे बाहेर काढावे, आणि फळा कोरड्या फडक्याने पुसून मगच लिहावयास घ्यावा. घासून गुळगुळीत झालेल्या फळ्यावरही असाच जोर लागतो. शाळा अनुदानातून पहिला खर्च फळ्याच्या रंगाचा धरावा. स्वागताच्या फलकाचा नंतर धरला तरी चालेल. आणि खडूचा नखाएवढा तुकडा होईपर्यंत त्याला चिमटीत आवळून लिहिण्याची जी काटकसर आपण करतो, ती मला मान्य नाही. वस्तू जितकी बारीक, तितकी ती धरावयास पकड अधिक घट्ट लागते. ते तुकडे मुलांना अंगणात चित्रे काढावयास द्यावे. हाच नियम पेनाला लागू आहे. सडपातळ गुळगुळीत पेनापेक्षा थोडे जाड, पकडीला खरखरीत पेन हाताला हलके पडते. पेन बारीकच असेल तर त्याला कापडी पट्टी गुंडाळावी.

वह्या तपासण्याचे काम बहुतेक जण मांडीवर गठ्ठा घेऊन, बसची वाट पाहताना किंवा तरीत बसल्या बसल्या करतात. आज सकाळीच दिघीहून आगरदांड्यास येताना एक शिक्षिका असे करताना मी पाहिल्या. त्या येथे उपस्थित असतील तर त्यांनी राग मानू नये, कारण मीही तेच केलेले आहे. मांडीवरच्या वहीवर मनगट अधांतरी राहते. वह्या टेबलावरच तपासाव्या, कोपर आणि पुढला हात टेकलेला असावा, खांदे खाली सोडलेले असावेत. दहा वह्या झाल्या की पेन खाली ठेवावे. नुसते थांबू नये, पेन हातातून सोडावे. उठून पाणी प्यावे, हात खाली सोडून झटकावे. प्रत्येक वहीत प्रत्येक चूक लाल करण्याने मूल शिकते यावर माझा पूर्वी विश्वास होता, आता राहिलेला नाही. एका वेळी एकाच प्रकारच्या चुका दाखविल्या तर मुलाला त्या कळतात आणि शिक्षकाचा हातही वाचतो.

मोबाइलविषयी बोलताना मला थोडे अवघडल्यासारखे होते; कारण आपल्या अंगठ्यावरचा हा भार पुष्कळसा आम्ही अधिकाऱ्यांनीच टाकलेला आहे. हजेरी, पोषण आहार, यू-डायस, सरल, आणि शिवाय ‘तातडीचे’ म्हणून मागविलेले तक्ते. तीच माहिती तीन नमुन्यांत मागविण्याचे काम माझ्याकडूनही घडलेले आहे. आता मी जुना तक्ता पाहिल्याशिवाय नवा पाठवीत नाही. आपणही विचारावे, ‘ही माहिती आधी दिली आहे, तीच चालेल काय?’ असे विचारणे उद्धटपणाचे नाही. तोपर्यंत फोन एका हातात धरून त्याच हाताच्या अंगठ्याने लिहिण्याचे सोडावे. फोन टेबलावर उभा टेकवावा, बोटाने लिहावे, आणि लांब मजकूर असेल तर बोलून लिहवावा. मराठी बोलणे आता फोनला चांगले उमगते. संगणक असेल तेथे खुर्ची व टेबल यांचा मेळ असा असावा, की कोपर काटकोनात राहील आणि मनगट वर उचलावे लागणार नाही. खुर्ची खाली पडत असेल तर घडी केलेली सतरंजी घालावी. पाय लोंबत असतील तर पायाखाली वीट ठेवावी. यासाठी कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.

कामाची मांडणी माणसाच्या शरीराला साजेल अशी करण्याच्या शास्त्राला अर्गोनॉमिक्स म्हणतात. हा शब्द १८५७ साली एका पोलिश विद्वानाने योजिला. नाव परके असले तरी गोष्ट आपल्या कारागिरांना परकी नाही. पेणला गणपतीच्या कारखान्यात कधी थांबून पाहा. रंगकाम करणारा कारागीर मूर्तीच्या भोवती हात वळवीत नाही. मूर्ती फिरत्या पाटावर ठेवून तो तिलाच आपल्या हातापुढे आणतो. काम हाताकडे आणावयाचे, हाताला कामाकडे वाकडे न्यावयाचे नाही, हे त्याला कोणी पुस्तकातून शिकविलेले नाही. मुलाच्या वहीलाही हेच लागू आहे. वही छातीसमोर अगदी सरळ ठेवण्याचा आपण आग्रह धरतो, त्यामुळे मनगट वाकडे होते. उजव्या हाताने लिहिणाऱ्याची वही किंचित डावीकडे कलती असावी, डाव्या हाताने लिहिणाऱ्याची उजवीकडे. डावखुऱ्या मुलाचा हात बदलावयाचा नाही, हे आता कोणास सांगावयास नको अशी माझी समजूत होती. गेल्याच वर्षी एका शाळेत ती चुकीची ठरली, म्हणून पुन्हा सांगते.

पहिलीच्या मुलांना बारीक ओळीत लिहावयास बसविण्याची घाई करू नये. त्यांची बोटे अजून कोवळी असतात. हात खांद्यापासून मोठा फिरवावयास त्यांना आधी येते, बोटांची बारीक हालचाल मागाहून येते. आपले पूर्वज मुलाला प्रथम धूळपाटीवर बोटाने गिरवावयास लावीत. आपणांस तर समुद्राने घराच्या दाराशी वाळू आणून ठेवली आहे. ताटात वाळू पसरून हातभर ‘ग’ काढू द्या. त्यात पकड नाही, दाब नाही, खोडण्याची भीती नाही. आणि लिहिणे ही शिक्षा म्हणून कधीच देऊ नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास मनाई केली, तेव्हा आपण छडी ठेवली आणि ‘शंभर वेळा लिहून आण’ ह्या शिक्षेकडे वळलो. ही शिक्षा ज्या अवयवाला होते तो अवयव कोणता, हे मी सांगावयास नको.

लहान मुलांना सलग दहा मिनिटे लिहून झाले की पेन्सिल खाली ठेवावयास सांगावे. टाळ्यांचे गाणे घ्यावे, मुठी उघडाव्या-मिटाव्या. पेन्सिल चार बोटांपेक्षा आखूड झाली की तिला कागदाची नळी चढवून लांब करावी. बैठे डेस्क नसतील तर निदान मांडीवर घेण्यासाठी एक फळी द्यावी. गावातील सुताराकडे शब्द टाकला तर उरल्यासुरल्या लाकडातून वर्गापुरत्या फळ्या मिळतात, हा माझा दोन ठिकाणचा अनुभव आहे.

पण सर्वांत आधी मुलाचे हात पाहावे. शाळेत येण्यापूर्वी त्या हातांनी काय केले आहे, हे आपल्या किनाऱ्यावर विचारावेच लागते. श्रीवर्धनकडे सुपारी सोलण्याचे दिवस असतात. अलिबागजवळ कार्ले, खंडाळे, नेहुलीकडे पांढऱ्या कांद्याच्या माळा गुंफण्याचे दिवस असतात. कोळीवाड्यात कोळंबी असते, सोडे असतात, जाळे विणणे असते. घरच्या कामात मुलाने हात लावू नये असे मी म्हणणार नाही. ते काम त्याच्या घरचे अन्न आहे आणि त्याची विद्याही आहे. पण ज्या दिवसांत हात घरी राबून आलेला असतो, त्या दिवसांत शाळेने त्यावर लेखनाचा भार चढवू नये. त्या दिवसांत तोंडी पाठ घ्यावेत, वाचन घ्यावे, गोष्टी सांगवून घ्याव्या. आईला भेटावे, मात्र मी बोलले तसे बोलू नये. थंड बर्फातून काढलेल्या मालावर सलग बसू नये, अंगठ्याला विसावा द्यावा, मुलीला थोड्या वेळाने उठवावे, एवढे सांगितले तरी ती ऐकते. तिचा स्वतःचा अंगठा तिला सांगतच असतो.

दुखण्याची काही चिन्हे ध्यानात ठेवावी. रात्री झोपेतून अंगठा व शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येऊन जाग येणे, हातातील खडू नकळत गळणे, बटण लावताना बोटे बधिर वाटणे, अंगठ्याच्या बुडाशी सूज येणे. असे दोनतीन आठवडे चालले तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. मधुमेह, थायरॉइडचा विकार किंवा गर्भारपण असेल तर मनगटातील तो बोगदा अधिक लवकर दाटतो, म्हणून अशांनी उशीर करू नये. आपल्या गावांतून हात चोळून देणारे असतात. त्यांच्या मायेविषयी मला आदर आहे. पण सुजलेली कंडरा जोराने चोळल्याने अधिक सुजते. आणि नुसता पट्टा बांधून तेच काम त्याच रीतीने करीत राहणे म्हणजे रामाझिनीच्या त्या लेखनिकाचे अनुकरण होय. मी स्वतः दीड महिना हात थांबविला, मग कामाची रीत बदलली. हात बराच सुधारला. नारळ मात्र अजून घरातील इतर मंडळी खवतात, आणि त्याबद्दल मला फारसे वाईट वाटत नाही.

ती मुलगी सातवीनंतर शाळेत राहिली नाही. त्याचे कारण माझे ते जास्तीचे पानच होते असे म्हणण्याइतका पुरावा माझ्यापाशी नाही. नव्हतेच असे म्हणण्याइतकाही नाही.

पुढील भेटीत मी नेहमीप्रमाणे वह्या पाहीन. पण आधी वर्गाच्या मागे उभी राहून मुले लिहिताना कशी बसतात ते पाहणार आहे, आणि शिक्षकांना विचारणार आहे की वर्गातील कोणत्या मुलाचे अक्षर कोणत्या महिन्यात बिघडते. हे उत्तर एका कागदावर, चार ओळींत, हाताला सुचेल तेव्हा लिहून ठेवावे. तक्ता करू नये. मी येताना मोजपट्टी आणली आहे. चहा झाला की ह्या वर्गातील फळा जमिनीपासून किती उंचीवर बसविला आहे ते आपण मोजू. माझ्या अंदाजाने तो वीतभर खाली यावयास हवा.